कोकणातले सडे, त्यांच्यातलं पाणी आणि सातबाऱ्यावरची 'पड'

सड्याकडचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहून टाकतो. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी राजापूर तालुक्यातला, नोकरीसाठी बाहेर. वाडी खाली माडापोफळीत आणि वर सडा. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, रत्नागिरीपासून खाली सिंधुदुर्ग आणि पुढे गोव्यापर्यंत किनाऱ्यापासून थोडं आत आलात आणि घाटी चढून वर गेलात की वर शिखर असं काही नसतंच, लांबच लांब सपाट कातळ पसरलेला असतो, काळपट तांबडा, झाड म्हणून नाही, मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही आणि जुलैत त्याच जागी घोटाभर पाणी आणि सगळीकडे हिरवं. मध्ये मध्ये खाड्यांनी आणि नद्यांनी कापलेला, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण. एका सड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाडीपलीकडचा सडा जवळपास त्याच उंचीला दिसतो, म्हणजे एकेकाळी हे सगळं सलगच असणार असं वाटतं.

धागा काढायचं कारण असं की आमच्याकडे दोन-तीन वर्षांपासून सड्याच्या जमिनी विकायचं वारं आलंय. येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "नुसता कातळ तर आहे, काय पिकतंय तिथे?" आणि गावातली माणसंही मान डोलावतात, कारण सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी म्हणून लागलेली, आकार म्हणजे सारा जवळपास काहीच नाही, पन्नास नावं त्यावर, अर्धी मुंबईत. मला म्हणायचंय ते एवढंच की ती जमीन पडीक नाही. आमच्या वाडीचा पऱ्या (ओढा) आणि विहिरी ज्या झऱ्यावर चालतात तो झरा सड्याच्या कडेखाली, उतारावर फुटतो. वरच्या अंगाला चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे दगड कापून काढायची खाण, सुरू झाली तेव्हापासून जो झरा मेअखेरपर्यंत टिकायचा तो शिमग्यानंतर लगेच आटायला लागलाय. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना ह्याचा संबंध लगेच कळला, कागद करणाऱ्यांना कळत नाही.

तर तुमच्या भागातल्या सड्यांबद्दल, पठारांबद्दल लिहा. पाणी, गवत, फुलं, कातळशिल्पं, आंबा, काहीही. ज्यांना भूगर्भातलं कळतं त्यांनी पाण्याचं गणित समजावून सांगितलंत तर फार बरं होईल, मला गावात ते नीट मांडायचंय.

केतकी_

वाचतेय. फार जिव्हाळ्याचा विषय. आमचं घर पावसजवळ, आईचं माहेर देवगडकडे, दोन्हीकडे सडाच. उद्या सविस्तर लिहिते.

भूगोल_मास्तर

चांगला धागा काढलात. मी शाळेत भूगोल शिकवायचो, आता निवृत्त आहे, आणि कोकणातल्या विहिरी बघत फिरणं हा माझा जुना नाद आहे. जमेल तसं सांगतो.

सड्याचा दगड म्हणजे जांभा. मुळात तो वेगळा दगड नव्हेच, खालचा काळा बसाल्टच जागच्या जागी कुजून झालेला आहे. दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर उष्ण हवा आणि धो धो पाऊस ह्यांचं काम लाखो वर्षं चाललं, पाण्याबरोबर त्यातली सिलिका, चुना, मॅग्नेशियम निघून गेलं आणि लोखंड नि अॅल्युमिनियम मागे राहिलं. लोखंडाचा गंज म्हणून लाल रंग. भूजलाची पातळी पावसाळ्यात वर येणार, उन्हाळ्यात खाली जाणार, ह्या खालीवर होण्यात लोखंड एका थरात साचून घट्ट होतं आणि मधल्या मऊ मातीच्या जागी नळ्या नि पोकळ्या राहतात. म्हणून चिरा हातात घेतलात तर तो आरपार भोकाभोकांचा दिसतो.

ह्या दगडाला शास्त्रात पहिल्यांदा नाव मिळालं ते फ्रान्सिस बुकाननच्या मलबारच्या प्रवासवर्णनात, १८०७ साली. त्यानं तिथे जे पाहिलं ते आपल्याकडेही तसंच आहे, खाणीत असतो तेव्हा हत्यारानं कापता येतो आणि बाहेर काढून वारा-ऊन लागलं की कडक होत जातो.

आता पाण्याचं. सड्याचा उभा छेद डोळ्यापुढे आणा. सगळ्यात वर कडक कवच, काही ठिकाणी हातभर, काही ठिकाणी बरंच जाड. त्याखाली जाळीदार जांभा. त्याखाली शेडी, म्हणजे ती पांढरी-पिवळी-जांभळट चिकट माती, विहीर खणणारे तिला बरोबर ओळखतात. मग अर्धवट कुजलेला खडक आणि तळाला अखंड काळा दगड. पाऊस सड्यावर पडला की भेगांतून, पोकळ्यांतून खाली उतरतो आणि जांभ्यात मुरतो, जांभा स्पंजासारखा ते धरून ठेवतो. शेडीतून मात्र पाणी सहजी खाली जात नाही. मग ते आडवं सरकतं आणि जिथे डोंगराच्या उतारावर जांभा आणि शेडी ह्यांची सीमा उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या नेमक्या ह्याच रेषेच्या जरा खाली का वसल्यात ते ह्यावरून कळतं. वर सडा, मध्ये झरे, खाली आगर आणि भातखाचरं.

हे बघायला कुठे लांब जायला नको. मुंबई-गोवा हायवे रुंद करताना जिथे डोंगर कापलेत तिथे पावसाळा संपल्यावर गाडी थांबवून बघा, लाल जांभ्याच्या तळाशी, फिकट मातीच्या वर एक ओली रेघ दिसते. तीच ती.

सड्याकडचा

मास्तर, मनापासून आभार. हेच हवं होतं. म्हणजे चिरेखाण जेव्हा जांभा काढत काढत शेडीपर्यंत जाते तेव्हा ती साठवणच उचलून ट्रकात भरते, बरोबर?

भूगोल_मास्तर

बरोबर. आणि दुसरंही एक आहे. सड्यावर किंवा उतारावर बोअर मारतात तेव्हा ती शेडीतून आरपार जाऊन खालच्या काळ्या दगडात जाते. केसिंग, म्हणजे भोकातला पाईप, नीट घातलं नाही तर वरचं अडून राहिलेलं पाणी त्या भोकातून खाली गळतं. एकाला पाणी लागल्याचा आनंद होतो आणि खालच्या वाडीची विहीर बसते.

शेडीबद्दल एक जाता जाता. कोकण रेल्वे बांधताना सगळ्यात जास्त घाम ह्याच मऊ मातीनं काढला. कठीण खडकातले लांब बोगदे झाले, पण गोव्यात पेडण्याचा बोगदा पुन्हा पुन्हा ढासळत राहिला, माणसं गेली त्यात, आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला तो पेडण्याचं काम उरकल्यावरच. ओली शेडी म्हणजे काय ते त्या इंजिनियर लोकांना विचारा.

चिरेबंद

मी वेगळी बाजू सांगतो, कुणी राग मानू नये.

माझे वडील चिरे काढायचे. हातानं. सकाळी उजाडायच्या आत खाणीवर, कारण दहानंतर कातळ असा तापतो की बसवत नाही. आधी वरचं कडक कवच फोडून बाजूला टाकायचं, मग आखणी, मग चारी बाजूंनी चर मारून खालून सोडवायचा. चांगला चिरा आवाजावरून कळतो, वाजवून बघितलं की खणखणीत बोलला पाहिजे, बद्द बोलला की त्यात माती आहे. दिवसभरात किती निघणार, मोजकेच. आमच्या गावातली शाळा, देऊळ, सगळे गडगे त्याच चिऱ्यांचे. त्या खाणी अजून आहेत, कमरेएवढ्या खोल, पावसाळ्यात गुरं पाणी पितात.

आता मशीन आलं. गोल पात्याचं मशीन रुळावर चालतं, उभं-आडवं कापत जातं आणि दिवसात ट्रकच्या ट्रक भरतात. खोली किती जाते ते वरून बघितलं की पोटात गोळा येतो. पण हेही लक्षात घ्या की त्या खाणीवर गावातल्या पोरांना काम आहे, ट्रकवाल्यांचं घर चालतं, आणि घर बांधायला चिरा आपल्या सगळ्यांनाच लागतो. सिमेंटच्या विटेपेक्षा चिऱ्याचं घर मे महिन्यात किती थंड असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे खाण नकोच असं मी म्हणणार नाही. कुठे असावी, किती खोल जावी आणि काम संपल्यावर खड्ड्याचं काय, हे ठरलं पाहिजे. आमच्याकडे सोडलेल्या खाणीला कुंपण नाही, गेल्या पावसात म्हैस पडली.

बागवाला

चिरेबंद यांच्याशी सहमत. मीही थोडं बोलतो कारण पुढे कुणीतरी आंबा बागायतदारांवर येणारच.

आमची कलमं सड्यावरच आहेत. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे काढले, खालून डोक्यावरून माती आणून भरली, पहिले उन्हाळे कावडीनं पाणी घातलं. एकेका कलमासाठी माणसं झिजली. कातळावरची कलमं लवकर मोहरतात, कारण पाऊस गेला की जमीन पटकन कोरडी पडते आणि झाडाला तो ताण बसतो, आणि फळाला रंग-चव येते ती वेगळीच. देवगड, रत्नागिरीचा हापूस म्हणून जे नाव झालं त्यात कातळाचा मोठा वाटा आहे. तेव्हा सड्यावर काहीच पिकत नाही असं म्हणणाऱ्याला आमची बाग दाखवा.

केतकी_

बागवाला दादा, तुमचे आजोबा आणि आजची बाग ह्यात फरक आहे ना. पूर्वी कातळात जिथे फट, जिथे खळगा, तिथे कलम. आता जेसीबी येतो, पूर्ण सडा खरवडतो, ट्रकनं माती आणून पसरतात, एकसलग शेकडो कलमं आणि चारी बाजूंनी उंच चिऱ्याची भिंत. माती कुठून येते? दुसऱ्या कुठल्यातरी डोंगराचा उतार कापून. आणि फवारणीचं पाणी जांभ्यातून खाली झऱ्यालाच जातं. मास्तरांनी आत्ताच सांगितलं की पाणी कसं उतरतं, औषधही त्याच वाटेनं उतरणार.

काल म्हटलं तसं लिहिते. माझ्या आजीचं सड्याशी नातं गवताचं होतं. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कापायचं, भारे करून खाली आणायचे, गुरांच्या बेगमीला आणि शाकारणीला. सड्यात जिथे मातीचे पट्टे आहेत तिथे भात, वर वरकस जमिनीत नाचणी-वरी. आणि पावसाळ्यात गुरं सगळी वर, कारण खाली शेती असते. म्हणजे वर्षातले जवळपास सगळे महिने गाव सड्यावर ये-जा करत होतं. गुरं कमी झाली, घरांवर कौलं-पत्रे आले, तशी माणसं वर जायची थांबली आणि मग सडा 'रिकामा' दिसायला लागला.

फुलवेडी

केतकी, किती छान लिहिलंस.

मी वनस्पतींच्या बाजूनं भर घालते. सड्यावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही, नायट्रोजन जवळपास नाहीच, चार महिने पाण्यात बुडालेलं आणि बाकी वर्ष तव्यावर. एवढ्या हालात जे जगतं ते दुसरीकडे कुठेच नसतं, म्हणूनच तिथे स्थानिक जाती इतक्या.

पहिला पाऊस पडून आठवडा होतो न होतो तोच कोकणातल्या सड्यांवर दीपकाडी येते. जमिनीतल्या कंदातून एक दांडा आणि त्यावर पांढरी फुलं. ही वनस्पती जगात फक्त ह्याच पट्ट्यात आहे. थोड्याच दिवसांत दिसेनाशी होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये 'सर्वेक्षण' करायला येणाऱ्यांना ती सापडतच नाही आणि अहवालात सडा उजाड म्हणून लागतो. मग सीतेची आसवं, निळी-जांभळी बारकी फुलं, ओल्या कातळावर गालिचा. ती कीटकभक्षी आहे, मुळांच्या जागी अगदी सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले जीव त्यात ओढले जातात, मातीत जो नायट्रोजन नाही तो असा मिळवायचा. दवबिंदू पण तसाच, पानांवरच्या चिकट थेंबांना माशी चिकटते. गेंदाची पांढरी बटणं, तेरडा, कवला, नाना प्रकारची गवतं.

गुडघ्यावर बसून भिंग लावून एक हातभर कातळ बघा. वर शेवाळं, त्यात खळगा, खळग्यात बोटभर पाणी, पाण्यात बेडकांची पिल्लं, काठावर दवबिंदू आणि त्यावर अडकलेलं चिलट. एका खळग्यात एक झाडोरा आणि शेजारच्या खळग्यात, जो दोन बोटं जास्त खोल आहे, तिथे अगदी वेगळा. ह्या खोलीवर सगळं ठरतं. म्हणून सडा एकदा खरवडला की नंतर माती टाकून, झाडं लावून तो परत आणता येत नाही. वृक्षारोपणाच्या नावाखाली सड्यावर खड्डे मारणाऱ्या उत्साही मंडळींनी हे प्लीज वाचावं.

सातारकर_दादा

आमच्याकडचं सांगतो. कास. तेही जांभ्याचंच पठार, फक्त तुमचा सडा किनाऱ्याजवळ आणि कास साधारण १२०० मीटरवर. पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वरचा माथा, चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. आमच्या सातारा शहराला पाणी येतं ते कास तलावातून, इंग्रजांच्या काळापासून, आणि त्या तलावात पाणी कुठून, तर वरच्या पठारांवरून. त्यामुळे सड्याकडचा यांचा मुद्दा आम्हाला शंभर टक्के पटतो.

२०१२ ला पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत आला त्यात कासही आहे. तेव्हापासून जी गर्दी सुरू झाली ती विचारू नका. सप्टेंबरात शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, फुलात लोळून फोटो. आता बुकिंग, मर्यादा वगैरे आहे, स्थानिक पोरं उभी राहून सांभाळतात, तरी. कुंपण घातलं तेव्हा चराई थांबली आणि चराई थांबल्यावर उंच गवत माजून बारकी फुलं दबतात असं अभ्यासकही म्हणायला लागले, ती चर्चा इकडे खूप झाली. केतकीताईंनी गुरांचं लिहिलंय ते ह्याच्याशी जुळतं. माणूस आणि गुरं पूर्ण बाहेर काढली की पठार वाचतं असंही नाही.

पण एक सांगू, कासला निदान नाव आहे. कोकणातल्या सड्यांवर तीच फुलं, तोच दगड, आणि कुणी ढुंकून बघत नाही.

रानवाटा_सिंधु

आंबोलीचं राहिलं. तिथल्या जांभ्याच्या कातळावर एक भेक आहे, आंबोली टोड, २००९ ला शास्त्राला नवीन म्हणून नोंदवला गेला. पहिल्या पावसात कातळावर जे उथळ पाणी साचतं त्यातच अंडी घालतो, आणि त्याचा सगळा संसार त्या परिसरापुरताच. लोक त्याच कातळावर गाडी नेऊन टायर फिरवतात. पाऊस सुरू झाल्यावर तिथे जाणाऱ्यांनी गाडी डांबरावर ठेवा, एवढंच सांगणं.

आणि सड्यावर फिरताना दगड उलटे करू नका. फुरसं असतं, विषारी साप. लहान, दगडाच्याच रंगाचं, कातळाच्या सांदीत बसलेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावर गुरं राखणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. बूट घाला, अंधारात बॅटरी घ्या.

कातळरेघ

कातळशिल्पांवर अजून कुणीच लिहिलं नाही? मग मी लिहितो.

सड्याच्या सपाट कातळावर कोरलेली चित्रं आहेत, रत्नागिरी, राजापूर, लांजा, सिंधुदुर्ग आणि गोव्यातही. गावकऱ्यांना ती पिढ्यानपिढ्या माहीत होती, पांडवांनी काढली म्हणून सांगायचे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी गावोगाव सडे तुडवत फिरले, गुराख्यांना विचारत विचारत, आणि एकामागोमाग एक ठिकाणं उजेडात आणली. २०२२ मध्ये नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ.

कशेळीचा हत्ती बघाच. सुमारे १८ मीटर लांब, आणि त्या हत्तीच्या अंगात इतर प्राण्यांची गर्दी, मासे, पक्षी, श्वापदं. जमिनीवर उभं राहून एका नजरेत तो मावत नाही, चालत चालत बघावा लागतो. बारसूला माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. गेंडाही कोरलाय काही ठिकाणी, जो आज कोकणात नाही. देवाचे गोठणेला होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते, लोक मुद्दाम घेऊन जातात.

मला जे फार महत्त्वाचं वाटतं ते असं, ज्यांनी हे कोरलं त्यांनी सडा निवडला. खाली नदी होती, जंगल होतं, तरी एवढी मेहनत त्यांनी ह्या उघड्या कातळावर घातली. आज तोच कातळ चिरेखाणीत जातो, रस्त्याखाली जातो. सुरुंगानं शेजारचा कातळ हादरतो आणि रेघेला तडा जातो, एकदा गेला की संपलं. बारसूच्या सड्यावर २०२३ ला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावातल्या बायका उन्हात कातळावर आडव्या पडल्या होत्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. प्रकल्पाच्या बाजूनं-विरोधात मतं असतील, पण सड्यावर 'काहीच नाही' हे वाक्य तरी त्यानंतर कुणी बोलू नये.

कुशावतीकाठ

गोव्यातून. फणसईमाळला आम्ही पोरांना घेऊन जातो. कुशावती नदीच्या काठावरच जांभ्याची लाद आहे, त्यावर बैल, हरणं आणि एक मोठं गोल गोल फिरणारं चक्रव्यूहासारखं चित्र. १९९३ साली जगापुढे आलं. नदीकाठी असल्यामुळे पावसात त्यावरून पाणी जातं आणि तरी रेघा टिकल्यात, पण माणसांच्या चपलांखाली किती टिकतील कोण जाणे.

आमच्याकडे पठारांवर विमानतळ झाला, मोपा. तुमच्याकडे चिपी. सपाट जागा, वस्ती नाही, मग विमानतळ तिथेच, हे हिशोबाला सरळ दिसतं. पण मोप्याच्या पठाराखालच्या गावांतले लोक झऱ्यांबद्दल तेच बोलत होते जे सड्याकडचा यांनी लिहिलंय. एवढा मोठा सपाट भाग सिमेंट-डांबराखाली गेला की पावसाचं पाणी मुरण्याऐवजी गटारातून एकदम खाली येणार, पावसाळ्यात खालच्या शेतात लोंढा आणि उन्हाळ्यात झरा कोरडा.

मुंबईचा_चाकरमानी

एक शंका. आमच्या गावी सोडलेल्या चिरेखाणीत पावसाचं पाणी भरून तळं होतं. मग ते चांगलंच की, पाणी साठलं, मुरेल. नाही का?

आणि दुसरं, राजापूरची गंगा, ती पण ह्याच जांभ्याच्या पाण्याची का?

भूगोल_मास्तर

खाणीतलं तळं. खाण उथळ असेल आणि तळाला जांभाच असेल तर काही पाणी मुरतं, चिरेबंद यांनी लिहिलेल्या जुन्या हातखाणी तशा असतात. पण शेडीपर्यंत खणलेल्या खाणीत पाणी मुरत नाही, नुसतं साठून राहतं, म्हणून तर तळं झालेलं दिसतं. उघड्यावर उन्हात त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. आधी तेवढ्याच जागेत पाणी दगडाच्या पोटात, सावलीत होतं आणि मेपर्यंत हळूहळू बाहेर येत होतं. तळं दिसतं, झरा दिसत नाही, म्हणून माणूस फसतो.

गंगा. उन्हाळे गावाजवळ डोंगरउतारावर ती चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी पाणी अवतरतं आणि काही काळ वाहून जातं अशी ख्याती, अलीकडे वेळापत्रक बदललंय. नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण वक्रनलिकेचं आहे, म्हणजे जमिनीतल्या पोकळीत पाणी ठराविक पातळीपर्यंत चढलं की एकदम ओढलं जाऊन वाहायला लागतं आणि पोकळी रिकामी झाली की थांबतं. भाविकांची श्रद्धा तिच्या जागी, पण दोघांनाही वरचा डोंगर अखंड राहायला हवा, हे मात्र खरं.

जांभ्याखाली आणखी काय काय आहे म्हणाल तर रत्नागिरी परिसरात विहिरी खणताना जांभ्याखालच्या मातीत काळं पडलेलं लाकूड, पानांचे ठसे, लिग्नाइट सापडतो. म्हणजे सडा व्हायच्या आधी तिथे दलदल, जंगल होतं. मी स्वतः एका विहिरीतून निघालेला तो काळा तुकडा हातात घेतलाय, नखानं खरवडला तर सालीचे पापुद्रे निघत होते.

बागवाला

केतकीताई, तुमच्या पोस्टवर दोन दिवस विचार केला. जेसीबीनं सडा खरवडणं मलाही पटत नाही, आमच्या शेजारी बाहेरच्या पार्टीनं तसं केलंय आणि पहिल्याच पावसात सगळी आणलेली माती वाहून खालच्या लोकांच्या खाचरात गेली. पण छोट्या बागायतदाराला त्याच मापानं मोजू नका. आमच्या बागेत अजून कलमांच्या मध्ये कातळ उघडा आहे, दीपकाडी येते ती ह्याच धाग्यामुळे ओळखता आली, आजवर नुसती पांढरी फुलं म्हणून बघत होतो. आणि आम्हालाही मार्चमध्ये पाणी लागतं, झरा आटला की टँकर आम्हालाच घ्यावा लागतो. तेव्हा ह्यात मी तुमच्याच बाजूला आहे.

सड्याकडचा

बागवाला, फार बरं वाटलं वाचून. आणि सगळ्यांचेच आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आता कामाचं विचारतो. पुढच्या ग्रामसभेत हा विषय ठेवायचाय. नुसतं "सडा वाचवा" म्हटलं की "मग पोरांनी काय करायचं" हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते चुकीचंही नाही. त्यामुळे कागदावर काहीतरी हवंय. कुणी केलंय का असं काम?

फुलवेडी

हो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कुणाकडून तरी एकगठ्ठा लिहून घेतलेली असते आणि त्यात आंबा-फणस-साग एवढंच असतं. आधी तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही मागून बघा. सड्याचं पानच नसेल तर तुम्हीच भरा. जूनचा पहिला पंधरवडा, ऑगस्ट आणि ऑक्टोबर, तीन वेळा तरी सड्यावर जाऊन फोटो काढा, फोटोत जागा कळली पाहिजे. नावं ओळखायला मी मदत करेन, इथेच टाका.

केतकी_

बायकांना विचारा. कुठला झरा कधी आटतो हे पुरुषांना सांगता येणार नाही, पाणी कोण भरतं? माझ्या मामाकडे वाडीतल्या बायकांनी बसून एका कागदावर सगळे झरे काढले, कुठला कपड्यांचा, कुठला पिण्याचा, कुठला गुरांचा, आणि कुठला कुठल्या सणापर्यंत टिकायचा नि आता कधीपर्यंत टिकतो. ते बघून ग्रामसेवकही गप्प झाले. पन्नास वर्षांची नोंद होती ती, फक्त कुणी लिहून घेतली नव्हती.

चिरेबंद

आणि खाणवाल्यांनाही बोलवा सभेला, आधीच शत्रू करू नका. आमच्या बाजूला एका वाडीनं असं ठरवून घेतलं की झऱ्याच्या डोक्यावरचा पट्टा सोडायचा आणि शेडी दिसली की थांबायचं. लेखी आहे. पाळतात का, तर वाडीतलं कुणीतरी जाऊन बघतं म्हणून पाळतात. तुमच्याकडे परवाने कुठल्या गटनंबरांना आहेत आणि खाण प्रत्यक्षात कुठे चाललीय तेही तलाठ्याकडून नकाशा काढून बघा, बरेचदा तिथेच गाठ सापडते.

भूगोल_मास्तर

झऱ्याचं पाणी मोजायचं असेल तर काही लागत नाही. एक घागर, तिच्यात किती लिटर मावतं ते आधी मोजून ठेवा, आणि मोबाईलमधलं घड्याळ. धार एका नळीतून किंवा पोफळीच्या पन्हळीतून घागरीत घ्या, भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहा, तारीख घाला. गणपती झाल्यावर सुरू करा, दर पंधरा दिवसांनी, पाऊस लागेपर्यंत. खाणीखालचा एक झरा आणि जिथे वर काहीच झालेलं नाही असा एक, दोन्ही एकाच दिवशी मोजा, म्हणजे पाऊस कमी होता असं कुणी म्हणालं तर तुलना हातात असेल. शेजारच्या विहिरीची पातळीही काठापासून दोरी सोडून घ्या. वही शाळेतल्या पोरांकडे द्या, ती चुकत नाहीत.

सड्याकडचा

नोंद केली मास्तर. खाणीखालचा आमचाच आहे. दुसरा झरा शेजारच्या वाडीत आहे, तिथे चुलत्यांना आज फोन केला, ते तयार आहेत. पंचायतीतली वही बघायला पुढच्या आठवड्यात भाऊ जातोय. गणपतीत गावी गेलो की पहिली घागर भरतो आणि आकडे इथेच टाकतो.